सणाचा माणूस

कल्पना करा, मुलांनो, तुमच्या हातात एक दोरी आहे. दोरीला लाकडाचा बैल बांधलेला, बैलाला चार चाकं, आणि त्यातलं एक चाक दर फेऱ्याला कुरकुरतं. तुम्ही तान्ह्या पोळ्याच्या रांगेत उभे आहात. मोठ्या बैलांचा पोळा काल झाला, आज तुमचा. डोक्यावर आंब्याच्या पानांचं तोरण, पायाखाली पावसाने भिजलेली माती, आणि समोरच्या मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्या. मधल्या खुर्चीवर एक हवालदार बसला आहे. कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला आहे, आणि तो नारळ मांडीवर ठेवावा की खुर्चीखाली हे त्याला ठरवता येत नाही. तुम्ही सगळे त्याच्याकडे बघता. तो मात्र रांगेतल्या एकाच पोरीकडे बघतो. रांग पुढे सरकते, पोर जवळ येते, आणि तो खुर्चीत जरा मागे सरकतो.

त्या हवालदाराचं नाव ताराचंद. गाव आसगाव, नोकरी दुसऱ्या तालुक्याच्या ठाण्यात. चिचटोल्याच्या या तान्ह्या पोळ्याला खरं तर ठाणेदार यायचे होते. त्यांना दुसरीकडचं बोलावणं आलं, तेव्हा ते म्हणाले की ताराचंद, तू जा, तुझ्याच बीटातलं गाव आहे. बीट, म्हणजे नेमून दिलेल्या गावांचा पट्टा, त्याचंच होतं. म्हणूनच त्याला यायचं नव्हतं.

माइक भैय्यालालच्या हातात होता. एरवी हा भैय्यालाल किराणा दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकाशी जेवढ्यास तेवढं बोलतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र वर्षभराचं साठलेलं बोलणं त्याच्या तोंडून बाहेर पडतं. सोंगं घेऊन आलेल्या एकेका पोराला तो पुढे घेई, कोण झालास म्हणून विचारी आणि उत्तर येण्याआधी स्वतःच सांगून टाकी. एक मावळा झाला होता, त्याच्या काजळाच्या मिशा घामाने हनुवटीपर्यंत उतरल्या होत्या. एक भारतमाता झाली होती आणि मुकुट टोचतो म्हणून रडत होती. एक पोरगा पुठ्ठ्याची चाकं लावून ट्रॅक्टर झाला होता. त्याला भैय्यालालने विचारलं, की बाबू, बैलाच्या सणाले तू बैलाचा दुश्मन काहून झाला. मांडव हसला. ताराचंदनेही हसल्यासारखं केलं.

मग ती पोर पुढे आली. टिकारामची गुड्डी. अंगात बापाच्या जुन्या पँटीच्या कापडाचा खाकी सदरा, कमरेला बापाचाच पट्टा दोन वेढे घालून आवळलेला, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, आणि बगलेत तलावाकाठच्या बेशरमाच्या झुडपाची सरळ काडी. तिच्या मागे शिवणीच्या लाकडाचा बैल होता. कुरकुरणारं चाक त्याचंच.

"आता हे पाहा, इन्स्पेक्टर मॅडम आल्या," भैय्यालाल म्हणाला.

"नाही," गुड्डी म्हणाली.

"मंग कोन झाली वं तू?"

"माहा बाबा."

हशा झाला, पण तो सगळीकडून सारखा आला नाही. बायका बसल्या होत्या तिकडून तर आलाच नाही. टिकाराम आज कुठे आहे हे चिचटोल्यात कुणाला ठाऊक नव्हतं? भैय्यालालचा माइक तोंडापासून लांब गेला. मग सावरून घ्यावं म्हणून त्याने पुन्हा विचारलं, आणि आणखीच फसला.

"तुहा बाबा तं मासोऱ्या धरते ना तरावात."

"मासोऱ्या रोजच्या. सण आला का बाबा पोलिसात जाते, बंदोबस्ताले." तिने बगलेतली काडी काढून मांडवाकडे रोखली. "या काकाले इचारा. हेच गाडी घेऊन येतेत बाबाले घ्याले."

सगळी तोंडं ताराचंदकडे वळली. त्याच्या हातातला नारळ घामाने निसटू लागला होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसतीच हलली, हे पुढच्या रांगेतल्या माणसांनाही सांगता आलं नसतं.

"हो. बंदोबस्ताले," तो म्हणाला.

आता, ही पोर असं का म्हणाली ते कळायला तुम्हाला पोलिसांच्या कामाची एक रीत माहीत पाहिजे. सण जवळ आला की काही माणसांना आधीच ठाण्यात आणून बसवतात. ज्यांनी पूर्वी दंगा केला, जे पिऊन भांडणं काढतात, त्यांना सण पार पडेपर्यंत नजरेखाली ठेवायचं. ही रीत ज्यांनी काढली त्यांच्या मनात वाईट काही नसेल. गावाने सुखाने सण करावा एवढंच असेल. पण काम शेवटी एखाद्या ताराचंदच्या हातून होतं, आणि ताराचंदला संध्याकाळपर्यंत माणसं आणायची असतात.

त्याच्या बीटात खरे भांडकुदळ होते. पण एकाचा मामा पुढारी होता. दुसरा दारात पोलीस दिसला की वकिलाला फोन लावी. तिसरा सणाच्या आधीच तुमसरला राइस मिलवर कामाला निघून जाई. राहता राहिला टिकाराम. तो घरी असे. बोलावलं की येई. वरून विचारणा होई ती किती माणसं बसवली याची. ती कोण, हे कुणी विचारत नसे.

टिकारामचं नाव ठाण्याच्या या यादीत आलं कसं, हे ताराचंदइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. कितीतरी वर्षांमागे गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवरून दोन टोळक्यांत दगड चालले होते. ताराचंद तेव्हा नोकरीत नवा. तो काठी घेऊन धावला तसे सगळे पळाले. एक माणूस तेवढा पळाला नाही. तो रस्त्यात वाकून कुणा रडणाऱ्या पोराची हरवलेली चप्पल शोधत होता. जे पळाले ते सुटले. जो वाकला होता त्याची मानगूट ताराचंदच्या हाती आली. त्या माणसाच्या हातातली इवलीशी चप्पल ताराचंदला दिसली होती, आणि दिसूनही त्याने ती धरलेली मानगूट सोडली नाही. साहेबांसमोर रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. ते प्रकरण कोर्टात टिकलं नाही, पण नाव टिकलं.

ठाण्यात टिकारामला 'सणाचा माणूस' म्हणत. त्याला कधी कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसे. बसून कंटाळला की झाडू घेई, कधी आवारातली जास्वंद छाटे, कधी गळका नळ बांधून ठेवी. दुपारी त्याला चहा मिळे. कुणी गमतीने म्हणे, टिकाराम, दिवाळीले लवकर ये गा, जाळे झाडायचे हायेत. टिकाराम हसे. ताराचंद त्या हसण्याकडे पाही आणि मनाला समजावी की याला इथे काही त्रास नाही. चहाच्या कपात मावेल एवढंच ते समाधान होतं.

पोलीस व्हायचं हे ताराचंदने लहानपणीच ठरवलं होतं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, तशा एका मंडईत तो हरवला होता. एका शिपायाने त्याला खांद्यावर घेतलं आणि साऱ्या गर्दीतून मिरवत त्याच्या आईपर्यंत नेलं. त्या खांद्यावरून त्याला पाळणे, दुकानं, दंडारीच्या खेळाचा मांडव, सगळं एकदम दिसलं होतं. पुढे भरतीसाठी तो पहाटे आसगावच्या तलावाच्या पाळीवर धावायचा, तेव्हा तो खांदा त्याच्या डोळ्यांपुढे असे. नोकरीत इतकी वर्षं काढून त्याने आजवर एकही पोर खांद्यावर घेतलं नव्हतं.

यंदाच्या होळीला सुटून जाताना टिकाराम ठाण्याच्या पायरीवर घुटमळला होता. कधी नाही ते त्याने काही मागितलं. पोरगी आता मोठी झाली, तिच्यासाठी बैल कोरायला घेतलाय, तान्ह्या पोळ्याला दोरी मी धरीन असं तिला बोललोय, तेव्हा यंदा पोळ्याला तेवढं मला सोडा. ताराचंदने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की पोळ्याले नाही आणत तुले, जा. शब्द दिला तेव्हा होळी नुकती झाली होती आणि पोळा फार लांब होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो जीप घेऊन चिचटोल्यात गेला, तेव्हा टिकाराम अंगणात बसला होता. त्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. टिकारामच्या घरी खरे बैल नव्हते. तो त्या लाकडी बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद लावत होता, आणि गुड्डी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. जीप थांबली. टिकारामने पान खाली ठेवलं. तो ताराचंदकडे पाहत राहिला आणि ताराचंद जीपच्या बॉनेटकडे.

"साहेब, तुमी बोलले होते," टिकाराम म्हणाला.

ताराचंदने सकाळी ठाणेदारांपाशी विषय काढला होता. ठाणेदार म्हणाले होते, याला नको तर दुसरा आण, मला काय. दुसरा आणायचा म्हणजे पुढाऱ्याच्या भाच्याच्या दारात जायचं. ताराचंद त्या वळणापर्यंत गेलाही होता. तिथून जीप चिचटोल्याकडे कशी वळली ते त्याला विचारलं असतं तर त्याने रस्त्यावरच्या चिखलाचं नाव सांगितलं असतं.

टिकाराम आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला. त्याची बायको चंद्रकांता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने एवढंच विचारलं, की काही झालं नाही, केलं नाही, मंग दरवेळी कायले नेता. ताराचंदने नेहमीचं उत्तर दिलं.

"बसू दे तिथं. सण झाला का सोडून देऊ."

जीप निघताना गुड्डी अंगणात ताठ उभी राहिली आणि तिने कडक सलाम ठोकला. ताराचंदला बरं वाटलं. त्यानेही हसून सलाम केला. हात खाली आणताना बाजूच्या सीटवर टिकारामही हात खाली आणताना त्याला दिसला. तेव्हा त्याच्या काही ध्यानात आलं नाही. ते ध्यानात आलं आत्ता, मांडवात, हातात नारळ धरून बसला असताना. तो सलाम त्याच्यासाठी नव्हताच.

पहिलं बक्षीस गुड्डीलाच मिळालं. पंचांनी ते तिच्या वेशाला दिलं की आणखी कशाला, हे पंचांनाच माहीत. प्रमुख पाहुण्याच्या हातून स्टीलचा डबा द्यायचा होता. ताराचंद उठला. गुड्डीने डबा काखेत मारला, काडी दुसऱ्या बगलेत घेतली आणि मोकळ्या हाताने सलाम केला. ताराचंदचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"काका, बाबाले सुट्टी कवा भेटते?" तिने हळूच विचारलं.

"भेटते. आजच भेटते," तो म्हणाला.

तो चहाफराळाला थांबला नाही. भैय्यालाल मागे माइकवरून आभार मानत राहिला. ताराचंदने मोटरसायकल काढली आणि बांध्यांमधल्या रस्त्याने निघाला. दोन्हीकडे धान हिरवंगार उभं होतं. ठाण्यात पोहोचला तेव्हा टिकाराम व्हरांड्यात उकिडवा बसून बाकाच्या हलत्या पायाला पाचर ठोकत होता. ज्या बाकावर त्याला बसवून ठेवत, तोच बाक.

ताराचंदने आवाराच्या कोपऱ्यात जाऊन ठाणेदारांना फोन लावला आणि टिकारामला सोडतो म्हणून सांगितलं. ठाणेदार म्हणाले की संध्याकाळची मिरवणूक बाकी आहे, उद्या सकाळी सोड, सगळ्यांनाच तेव्हा सोडायचं आहे. इतक्या वर्षांत जे बोलला नव्हता ते ताराचंदच्या तोंडून निघालं.

"त्यानं काही केलं नाही, साहेब. तेव्हाबी नव्हतं केलं."

पलीकडे ठाणेदार हसले. माणूस वाईट नव्हता, हसला तोही सरळपणे.

"अरे, ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला? इथे सगळ्यांना माहीत आहे."

ताराचंदने जी साहेब म्हणून फोन खिशात ठेवला. तो जास्वंदीपाशी थोडा वेळ उभा राहिला. टिकारामने छाटलेल्या जागी नवे धुमारे आले होते. आजवर त्याला वाटत आलं होतं की ती इवलीशी चप्पल त्याच्या एकट्याच्या मनात आहे. ती उघडी झाली तर ठाणं हादरेल, कुणी तरी रागावेल, निदान कुणी तरी मान खाली घालेल. आज ती उघडी झाली, आणि ठाण्यात सगळं होतं तसंच राहिलं. आत वायरलेस खरखरत होता. टिकाराम पाचर ठोकत होता.

"चाल, टिकाराम," तो म्हणाला. "घरी चाल."

टिकारामने हातातला दगड खाली ठेवला. साहेबांना विचारलं का, असं त्याने विचारलं. ताराचंदने किल्ली फिरवली, तेव्हा तो समजायचं ते समजला आणि मोटरसायकलवर मागे बसला.

तलावाची पाळ लागली तेव्हा ताराचंदने वेग कमी केला. समोर बघत बोलणं त्याला सोपं गेलं असावं.

"त्या मिरवणुकीत तू चप्पल पाहून राहिला होता. मले दिसलं होतं."

पाण्यावरून बगळ्यांची एक रांग उडाली आणि पलीकडे उतरली.

"मले मालूम हाय," टिकाराम म्हणाला. "तुमाले दिसलं होतं हे मले तवाच दिसलं."

"मंग कधी बोलला काहून नाही?"

"बोलून का होते, हवालदार. तुमी चहा देत होते." मग तो म्हणाला, "एक करा. पोरीले काही सांगू नका. ते लहान होती तवा रडे, म्हणून मीच सांगलं का मी बंदोबस्ताले जातो. तिले वाटते तिचा बाप पोलीस हाय. शाळेत सांगत फिरते. तेवढं राहू द्या."

ताराचंदने मान डोलावली. शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला होता. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

पुढे ताराचंदने नोकरी सोडली. लोकांनी कारणं शोधली, शोधणारच. कुणी म्हणालं साहेबाशी वाजलं, कुणी म्हणालं बदली लांब झाली, कुणी म्हणालं त्याने काही तरी खाल्लं असेल आणि पचलं नसेल. त्याची बायको रुखमिणी एवढीच काही म्हणाली नाही. वर्दी धुऊन, इस्त्री करून परत द्यायला तिनेच घडी घालून दिली. सोडून जाणारे पुष्कळ असतात आणि प्रत्येकाकडे सांगायला एक मोठं कारण असतं. ताराचंदला कुणी विचारलं तर तो म्हणे, बसून कंटाळलो. लोकांना वाटे गंमत करतो. त्या दिवशी टिकारामच्या ओट्यावर काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचं राहिलंय.

मोटरसायकल अंगणाशी थांबली तेव्हा गावातली सगळी पोरं बैल घेऊन घरोघरी बोजारा मागत फिरत होती. बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याची खुशी, बैल दारात आला की त्याच्या धन्याच्या हातावर कुणी काही ठेवतो, कुणी खाऊ देतो. गुड्डी तेवढी गेली नव्हती. ती ओट्याच्या कडेला बसली होती. बैल मांडीशी, स्टीलचा डबा शेजारी, टोपी डोक्यावर तशीच. आत चंद्रकांता काही तळत होती, तिने दारातून पाहिलं आणि झारा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

टिकाराम उतरला. त्याने शर्ट ओढून सारखा केला आणि मोठ्या कामावरून आल्यासारखा हसला.

"भेटली वं सुट्टी."

गुड्डी धावत आली नाही. ती उठली, बापापाशी गेली, त्याचा एक हात हातात घेऊन तिने पालथा-उताणा करून पाहिला, मग दुसरा. लांबून आलेल्या माणसाला कुठे लागलं-खुपलं का ते बायका पाहतात, तसं. टिकाराम हसत राहिला, पण त्याचं हसू हळूहळू पातळ होत गेलं. मग तिने ते हात सोडले आणि ती मोटरसायकलपाशी आली. ताराचंदने अजून स्टँड लावला नव्हता. बगलेतली काडी काढून तिने ओट्यावर टेकवली.

"बसा इथं," ती म्हणाली.

ताराचंदला वाटलं ती पाहुण्याला बसायला सांगते आहे. निघायचं आहे, पुन्हा येईन, असं काहीसं तो बोलू लागला. गुड्डीने काडी हलवली नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. परवा त्याच अंगणात तिने ताराचंदचा जसा ऐकला होता तसाच तो होता, थोडा कंटाळलेला, कामाच्या माणसाचा.

"बसा. सण झाला का सोडून देऊ."

चंद्रकांता उंबऱ्याच्या आत सरकली. टिकाराम पोरीकडे पाहत राहिला. किती वर्षांपासून ती हे जाणत होती, बंदोबस्ताची गोष्ट ती बापासाठी सांभाळत होती की बाप तिच्यासाठी, हे त्याला आता कुणाला विचारता येणार होतं? ताराचंदने मोटरसायकल स्टँडवर लावली. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तो ओट्यावर गेला आणि काडी टेकली होती तिथे बसला. खिशातला फोन वाजला. त्याने तो वाजू दिला.

गुड्डी आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने त्याच्याजवळ ठेवला, फार जवळ नाही, हात पुरेल इतक्या अंतरावर. मग तिने बैलाची दोरी उचलून बापाच्या हातात दिली आणि त्याचा दुसरा हात धरला. दोघं अंगणाबाहेर पडली. कुरकुरणारं चाक त्यांच्या मागून चालू लागलं. ताराचंद पायांकडे बघत बसला होता, पण ते चाक कुठवर गेलं ते त्याला ऐकू येत होतं.

भैय्यालालच्या दुकानाच्या वळणाशी चाक थांबलं. त्याने मान वर केली. गुड्डी मागे वळून पाहत होती. तो बसला आहे याची तिने खात्री करून घेतली, मग बापाचा हात ओढला आणि ती वळणापलीकडे गेली.